पातं हलतंय

३ फेब्रुवारी, सोमवार

पातं हलतंय! नवाकोरा चाकू, आणि पातं हलतंय!

दुपारी पार्सल आलं. खोका उघडला तर तेलाचा छान वास. लाकडी मूठ, मिटला की खिशात मावेल एवढा. हातात घेतला आणि खोटं कशाला बोलू, दोन क्षण जीव हरखला. उघडला — टक्! आवाजही चांगला. मग बाबा करायचे तसं पातं चिमटीत धरून डावी-उजवीकडे दाबून पाहिलं. हललं. फार नाही, केसभर. पण हललं.

खोक्यात चिठ्ठी. तिच्यावर एकच शब्द — 'ताईला'. खाली सही नाही, काही नाही. गरजही नाही म्हणा, धाकट्याचं ते वेडंवाकडं अक्षर मी कुठेही ओळखीन. दोन वर्षं माझा भाऊ माझ्याशी बोललेला नाही (मीही नाही) आणि आता बोलला तर एक शब्द. सोबत खिळखिळा चाकू!

आई दारात उभी राहून बघत होती. काय आलंय ते तिला आधीच ठाऊक होतं, चेहऱ्यावर दिसतच होतं.

"कसा आहे गं?"

"हलतोय."

"मग परत कर," म्हणाली. विचार न करता, पटकन.

हे मात्र लिहून ठेवायला हवं. कारण माझ्या आईने जन्मात एक वस्तू परत केलेली नाही. डुगडुगणारं स्टूल, झाकण न बसणारा डबा, डाव्या पायाला चावणारी चप्पल — सगळं 'असू दे, चालतंय' म्हणत वापरत आली. आणि आज म्हणते परत कर! ऊन लागलं असावं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

परत करायचा की नाही? सकाळपासून डोक्यात हाच भुंगा.

नवी वस्तू कधी परत करावी? मुठीवर ओरखडा असेल तर करू नये. ओरखडे आपणही पाडणारच आहोत. पातं मिटल्यावर जरा एका अंगाला टेकतं — तेही आहे, बघितलं मी — त्यासाठीही नाही. धार बरी नाही म्हणून तर मुळीच नाही, दुकानातली धार कधी कामाची नसतेच, ती आपल्या हाताने लावून घ्यायची असते. पण पातं ज्या खिळ्यावर फिरतं तोच सैल असेल तर? सफरचंद कापणाऱ्याने खुशाल ठेवावा. मी सफरचंदं कापत नाही. मी कलमं बांधते!

नर्सरीच्या मालकीणबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "एवढंसं तर हलतंय."

एवढंसं! खुंटाच्या, म्हणजे खालच्या रोपाच्या, सालीला चीर द्यायची, आतल्या लाकडाला न दुखवता. मग चांगल्या झाडाच्या काडीवरून डोळा काढायचा — नखाएवढी साल, तिच्या मधोमध कोंब — आणि तो चिरेत सरकवून वरून पट्टी बांधायची. सगळी करामत डोळा एका झटक्यात, अखंड काढण्यात. पातं तिथे केसभर सरकलं की डोळा मागून फाटला. फाटलेला डोळा जगत नाही. चार दिवस हिरवा राहतो, आशा लावतो आणि मग काळा पडतो. इतकी वर्षं नर्सरी चालवतात बाई, पण त्यांच्या लेखी चाकू म्हणजे चाकू.

तर उत्तर सरळ आहे. परत करायचा.

अडचण एवढीच की त्यासाठी धाकट्याशी बोलावं लागेल.

५ फेब्रुवारी, बुधवार

बोलणार नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज बाबांचा चाकू काढला आणि नव्याच्या शेजारी ठेवून बघितला. नको होतं करायला. मग दिवसभर तेच.

बाबांनी याच नर्सरीत, याच शेडखाली बसून या चाकूने आयुष्यभर कलमं बांधली. त्यांच्यामागे मी. माझ्या हाती आला तेव्हा पातं झिजून निम्मं झालं होतं, पण हलत नव्हतं. कधीच हललं नाही. आमच्या कामात एक रीत आहे — कलमवाला आपला चाकू दुसऱ्याच्या हातात देत नाही. जीव गेला तरी. ज्याच्या त्याच्या हाताच्या वळणाने तो घासला जातो, दुसऱ्याने दोनदा चालवला की वळण बिघडतं. बाबांनी मलाही त्यांच्या हयातीत हात लावू दिला नव्हता.

आणि धाकटा! आईची खोली रंगवायला आला होता. हौस! सुटीचा दिवस, मी बाजारात गेले होते. परत येते तर साहेब जमिनीवर फतकल मारून बसलेत आणि बाबांच्या चाकूने रंगाच्या डब्याचं झाकण उचकटतायत. टोक मोडून डब्याच्या कडेत अडकलेलं. बरं, चुकलं म्हणावं ना माणसाने? मान वर करून म्हणाला काय? "अगं, चाकूच तर होता."

चाकूच तर होता!

टोक मोडल्याचा राग कधीच गेला. शपथेवर लिहिते. त्या तीन शब्दांचा जात नाही. मी म्हटलं, चालता हो, पुन्हा तोंड दाखवू नकोस. अर्धी भिंत रंगवायची तशीच सोडून गेला. ती भिंत अजून तशीच आहे, अर्धी आकाशी, अर्धी मळकी. आई दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही तिला.

मी मोडलेलं टोक घासून काढलं आणि त्याच थोट्या चाकूने दोन वर्षं काम ओढलं. गेल्या महिन्यात आतली पट्टीच तुटली. आता तो धड उघडा राहत नाही, धड मिटत नाही. ही बातमी आईने कोणाला पोचवली ते सांगायला ज्योतिषी नको. रोज संध्याकाळी स्वयंपाकघराचं दार लोटून तिचा फोन असतो. मी बाहेर बसून बातम्या मोठ्याने लावते.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज वाटलं, सापडला मार्ग! खोक्यावर दुकानाचा नंबर आहे. धाकटा राहतो त्या गावातलंच दुकान. म्हटलं, परस्पर मिटवून टाकू. फोन लावला, गोड आवाज काढला (जमतो मला, हवा तेव्हा).

"बदलून देऊ की," दुकानदार म्हणाला. "पण ज्यांनी घेतला त्यांनी यायला हवं."

"मी पार्सलने पाठवते ना."

"पाठवा. पण बदली चाकू ज्यांनी घेतला त्यांच्याच हातात देणार."

"हा कुठला नियम?"

"आमच्या दुकानाचा." मग विचारतो, "कलमाचा चाकू ना? पातं हलतंय का?"

हो म्हटलं. तर हसला! खराब माल विकायचा आणि वर दात काढायचे! म्हणाला, "ज्यांनी घेतला त्यांना एक फोन करा ना, बाई. आणि ठोकाठोक मात्र करू नका हं. खिळा ठोकलेला चाकू मग आम्ही परत घेत नाही."

मी फोन आपटला. मोबाईल आपटण्यात पूर्वीची मजा नाही, गादीवर आपटावा लागतो.

९ फेब्रुवारी, रविवार

आईला म्हटलं, "तू सांग त्याला, दुकानात जाऊन बदलून आण म्हणून. रोज बोलतेसच."

"मी का सांगू? चाकू तुझा."

"निरोप तर द्यायचाय!"

"मी तुमच्या दोघांची पोस्टमन नाही," म्हणाली आणि ताटं मांडायला लागली.

दोन वर्षं हेच तर काम केलं तिने! त्याला ताप आला — मला बातमी. मला चष्मा लागला — त्याला बातमी. त्याने घर बदललं, त्याच्या बायकोने केस कापले, त्याच्या पोरीचा दात पडला, सगळं इकडून तिकडे, तिकडून इकडे. आणि आज, मला खरंच गरज आहे तेव्हा, पोस्ट बंद! घरात माझं ऐकणारं एक माणूस नाही. आहोतच दोघी, त्यातली एक मी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मालकीणबाईंनी शेडमध्ये बोलावलं. मागचं संत्र्याचं झाड काढणार. पाण्याची नवी पाइपलाइन तिथून जाणार आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खणणारी माणसं येतील.

बाबांचं झाड.

सगळे त्याला बाबांचंच झाड म्हणतात. कुठल्याशा दोन जातींचा संकर करता करता त्यांच्या हातून हे निघालं. फळ लहान, साल पातळ, आणि गोडीत एक किंचित कडवटपणा. बाजारात चालणारं नाही. म्हणून त्यांनी त्याची कलमं विकायला कधी केली नाहीत, आणि म्हणून जगात हे झाड एकच आहे. दोन वर्षं झाली, खोडातून डिंक वाहतोय. एक बाजू वाळून गेली. उरल्यात दोन फांद्या, त्यांच्यावर तेवढ्या चांगल्या काड्या आहेत.

बाईंशी भांडून उपयोग नाही. झाड तसंही फार दिवस काढणार नव्हतं, हे मलाही कळतं. त्या म्हणाल्या, "तू कलमं करून घे ना, खुंट देते." चांगल्या मनाने म्हणाल्या. पण कशाने करू? दाताने?

काकांकडे चाकू मागितला. काका म्हणजे शेडमध्ये माझ्या शेजारी बसून गुलाबाची कलमं बांधतात ते, बाबांच्याही आधीपासून इथे आहेत. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मीच ओशाळले. त्यांच्या जागी मी असते तर मीही दिला नसता.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बाजारात जाऊन आले. एक चाकू पत्र्याचा, एक नुसता दिखाऊ — पात्यावर फुलं कोरलेली, मुठीत छोटा दिवा! कलम बांधायला दिवा? शेवटी कागद कापायचं कटर आणलं. काडीला लावलं तर पातं वाकून धनुष्य झालं. कपाळाला हात लावला.

आई म्हणते, "घरात नवा चाकू असताना बाहेर कशाला हिंडतेस? तो परत कर आणि चांगला आणव."

परत कर, परत कर, परत कर! पोपट झालाय घरात.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

नव्या चाकूनेच केलं. पात्याच्या बुडाशी कागदाची घडी कोंबली, अंगठ्याने दाबून धरलं, श्वास रोखला आणि एक फांदी बाबांच्या झाडाची कापून घेतली. दुसरी राखून ठेवली. मन म्हणत होतं, राखून ठेव.

डोळे काढताना दर वेळी कळत होतं. पातं आत शिरलं की जरासं तिरकं व्हायचं. काही डोळे मागून स्वच्छ वाटले, काही नाही वाटले. तरी सगळे बांधले. शेवटच्या काडीला कागदाची घडी निसटली, पातं सरकलं आणि सरळ माझ्या अंगठ्यात! रक्त बघून काका उठले, चिंधी बांधली, आणि माझ्या हातातून चाकू घेऊन पातं हलवून पाहिलं.

"नवा ना? मग हा ठेवलास कशाला?"



घरी आईने अंगठा बघितला. हळद नाही, ओरडणं नाही — खाली बसली एकदम. मग म्हणाली, "तू त्याला फोन का नाही करत गं?" आवाज रडवेला. मला वाटलं नव्हतं ती एवढी घाबरेल. अंगठाच तर आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काल रात्री लिहिलं 'अंगठाच तर आहे'. आज वाचलं. धाकट्यासारखंच बोलायला लागले की काय!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

अंगठा ठणकतोय. गुलाबांची ऑर्डर पडून आहे. बाईंचा चेहरा लांबलाय. संत्र्याच्या डोळ्यांवर पट्ट्या आहेत, सोडून बघता येत नाही, बघितल्याशिवाय राहवत नाही. रोज सकाळी जाऊन नुसती उभी राहते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

एक गोष्ट मनात घोळतेय, ती लिहून टाकते म्हणजे सुटेन.

त्याने चाकू नीट बघून घेतला का नसेल? बाबांनी आम्हा दोघांनाही शिकवलं होतं. शेडच्या मागे, त्याच संत्र्याखाली बसवून. पातं चिमटीत धर, डावीकडे दाब, उजवीकडे दाब. हललं तर पैसे देऊ नकोस, नमस्कार करून बाहेर ये. त्याला तेव्हा सहा-सात वर्षं असतील, तो चमच्यांनाही दाबून बघायचा, हलतायत का! जेवताना सगळे हसायचो. त्याला हे माहीत नाही असं होणं शक्य नाही. म्हणजे बघितलंच नाही. दुकानात शिरला, दिसला तो उचलला, पैसे टाकले, पार्सल केलं. ताईचं तोंड बंद केलं की झालं. माफीसुद्धा नीट मागता येत नाही माणसाला! तीही खिळखिळी!

हे लिहून सुटले नाही. उलट आणखी चिडले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पट्ट्या सोडल्या.

काळे. एक, त्याच्या शेजारचा, त्याच्या शेजारचा. कडेचा एक हिरवट वाटला, नखाने हळूच दाबला तर गळून हातात आला.

काका लांबून बघत होते, जवळ आले नाहीत. मी शेडमागे गेले आणि झाडाला पाठ टेकून रडले. केवढी मोठी बाई मी, आणि अशी रडले! डिंक साडीला चिकटला तो वेगळाच.

एक फांदी राहिलीय.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

कामावर जाताजाता धारवाल्याकडे थांबले. चौकात बसतो, चाक फिरवत. त्याला चाकू दाखवला. त्याने पातं हलवलं, खिळा बघितला, म्हणाला, "दोन ठोके दिले की घट्ट होईल."

"टिकेल?"

"तुमचं आत्ताचं काम निघेल. पुढचं सांगत नाही." चाकू ऐरणीवर ठेवला, हातोडी उचलली. मग म्हणाला, "नवा दिसतोय. एकदा ठोकला की दुकानवाले परत घेत नाहीत हं. सांगून ठेवतो."

मला हेच तर हवं होतं! दोन ठोके, पातं घट्ट, उरलेल्या फांदीचे डोळे निघाले असते, धाकट्याला फोन नाही, कोणाची मनधरणी नाही. कायमचा प्रश्न मिटला असता.

"थांबा," मी म्हटलं.

तो हातोडी तशीच धरून बसला. "काय झालं?"

 चाकू परत घेतला, पिशवीत टाकला, चालायला लागले. पाठीमागून "अहो बाई" म्हणून हाक आली, वळले नाही.

आता इथे लिहिते, कारण इथे माझ्याशिवाय कोणी नाही. चाकू ठोकून घट्ट केला असता तर धाकट्याला फोन करायला माझ्याकडे काही कारणच उरलं नसतं. गेला महिनाभर मी म्हणतेय की हा चाकू परत करायला त्याच्याशी बोलावं लागतं ही केवढी कटकट. कटकट कसली? मला त्याच्याशी बोलायचंय. त्याच्या पोरीचा दुसरा दात पडला का ते मला आईकडून ऐकायचं नाहीये. बाबांचं झाड चाललंय आणि हे मला जगात फक्त एकाच माणसाला सांगायचंय, आणि तो गाढव तिकडे बसलाय!

पण त्याने का नाही केला फोन? त्याने करायला हवा होता! मीच का दरवेळी?

संध्याकाळी आईचा फोन चालू होता. आज बातम्या लावल्या नाहीत मी. दाराआडून दोनच वाक्यं ऐकू आली — "नाही रे अजून," आणि मग बऱ्याच वेळाने, "मला हे खरंच बघवत नाहीये आता." कसली तक्रार करते माझी, देव जाणे.

उद्या करते. शिव्या द्यायला तरी करते. वाक्यंसुद्धा ठरवून ठेवलीत. पहिलं: वस्तू घेताना बघून घ्यायची पद्धत असते.

१ मार्च, शनिवार

केला.

पहिली रिंग पुरती वाजायच्या आत उचलला. ठरवलेलं एक वाक्य आठवेना. तोच बोलला.

"ताई, पातं हलतंय ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"मीच निवडलाय तो. दुकानातले सगळे चाकू दाबून बघितले, बाबांनी शिकवलं तसे. एकच हलणारा निघाला. दुकानदार म्हणत होता, अहो हा नका घेऊ. म्हटलं, हाच द्या. आणि परत करायला बाई फोन करतील, त्यांना माझ्याकडेच पाठवा."

"म्हणजे मुद्दाम?" 

"चांगला पाठवला असता तर तू ठेवून घेतला असतास," म्हणाला, "आणि फोन केला नसतास."

नसता केला.

"अंगठा कापलाय माझा, गाढवा!" दोन वर्षांनी भावाशी बोललेलं माझं पहिलं धड वाक्य हे.

"कापला? आई काही बोलली नाही!"

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज एकदम वाढला.

मग झाडाचं सांगितलं. काळ्या डोळ्यांचं सांगितलं. त्याला काहीच माहीत नव्हतं.  

"ताई," म्हणाला, "तो नुसता चाकू नव्हता."

"नव्हताच," मी म्हटलं.

"न हलणारा माझ्या खिशात आहे. त्याच दिवशी घेतलाय, दोन्ही एकदमच घेतले. घेऊन येऊ?"

म्हटलं, ये. उद्याच ये, एकच फांदी राहिलीय. आणि आईची भिंतही अर्धी राहिलीय. पण रंगाचा डबा मी उघडणार.